साहेबांना शून्य, बोयानला अकरा

तैपेईतल्या त्या ऑफिसात दुपारी तीनला चहाचे सहासष्ट ग्लास आले. माणसं होती बारा.

"लग्नबिग्न आहे का कुणाचं?" चहावाल्याने लिफ्टमधून सहावी पेटी ओढत विचारलं.

बोयान पेट्या मोजू लागला. त्याचं प्रोबेशन आज संपत होतं. शिए साहेब संध्याकाळी त्याला कायम करणार, नाहीतर हाकलणार. चिआयी शहरात स्कूटरी दुरुस्त करता करता तो आपला आपण जावास्क्रिप्ट शिकलेला. डिग्री नाही, म्हणून साहेबांनी त्याला तीन महिने चहा मागवायच्या प्रोग्रामवरच बसवलं होतं.

यीत्सेन शेजारच्या टेबलावरची. ती ग्लासांवरची नावं वाचू लागली. "मला चार. बोयान, तुला अकरा! पोट आहे की टाकी रे?"

"आणि मला?" साहेबांनी विचारलं.

पेट्या उपसून झाल्या. साहेबांना शून्य. खरं तर यादी मानाने लावलेली: साहेब पहिले, नवखा बोयान शेवटी.

"मला शून्य आणि स्वतःला अकरा! शिकलेला असतास तर लाज तरी वाटली असती."

बोयानने प्रोग्राम उघडला आणि कपाळावर हात मारला. मॅप हे हायर-ऑर्डर फंक्शन म्हणजे मुकादम. आपलं फंक्शन त्याच्या ताब्यात दिलं की तो यादीतला एकेक जण त्याच्यापुढे ढकलतो, आणि कुणी न विचारता त्या माणसाचा क्रमांकही सांगतो, तोही शून्यापासून. मागवणाऱ्या फंक्शनने तो क्रमांकच ग्लासांचा आकडा धरला होता.

"मी मुकादमाकडून फक्त नाव घेत होतो, साहेब. ही ओळ माझी नाही."

"चोर असंच म्हणतो."

"मग बदलांची नोंदच बघू."

नोंद भिंतीवरच्या पडद्यावर उमटली. आज सकाळी, नऊ चाळीस. 'अडाण्याचा पसारा आवरला. सगळं एका ओळीत बसवलं.' खाली नाव: शिए.

यीत्सेनच्या नळीत चहातली साबुदाण्याची गोळी अडकली आणि तिला ठसका लागला.

साहेब खाकरले. "चुकांतूनच माणूस शिकतो."

"शिकतो ना." बोयानने आपल्या अकरांतला एक ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. "मग तुमचं प्रोबेशन किती महिने वाढवू?"

साहेबांनी ग्लास एका दमात संपवला, कायम केल्याचं पत्र तिथेच छापलं आणि सही ठोकली. पत्र एका ओळीचं होतं. बोयानने ते तीनदा वाचलं.