आधी तिकीट बघ

आमच्या पालिकेच्या बागेत रोज सकाळी सत्तरीतला एक गृहस्थ हिरवळीवर पालथा पडतो, गवताची काडी तोडतो आणि डोळे मिटून चघळतो. मग कोपरांवर सरकत दुसरीकडे जातो आणि तिथलीही चाखतो. नवीन माणूस हे बघून घाबरतो. कोणी पाणी आणायला धावतं, कोणी रुग्णवाहिकेला फोन लावतं. रोज फिरायला येणारे मात्र त्यांना वळसा घालून पुढे जातात, जसे बाकाला घालतात.

हे सगुणभाऊ. गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या एका बसस्टँडवर त्यांनी कंट्रोलर म्हणून जन्म काढला. नोकरी सुटली, पण स्टँड सुटला नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीचं त्यांच्याकडे एक वेळापत्रक असतं. लग्नाला उशिरा आलेल्या माणसाला ते "तुजी गाडी गेली रे" म्हणतात. बागेतल्या किड्यांनाही त्यांनी प्रवासी करून टाकलं होतं. फुलपाखरू पासवालं. चतुर फुकट्या, पण कामाचा, कारण तो डास उतरवतो. पानं खाणारी अळी तेवढी बिनतिकिटाची. आणि त्यांचं पालुपद एकच: "आदी तिकीट बघ. एकटो बिनतिकिटाचो आसा म्हणून सगळी बस कित्याक जाळतंस?"

हा प्रश्न ते मला विचारायचे, कारण बस जाळणारा मी होतो. पालिकेत बागा, गटारं आणि फवारणी ही माझ्या टेबलाची कामं. कीड असो वा नसो, ठरल्या दिवशी पंप पाठीवर मारून माणसं निघत आणि बाग, शाळेची कुंपणं, स्मशानाची वाट, सगळीकडे औषध मारत. कागदावर सही माझी. मी सहसा बोलत नाही. सही करणाऱ्याला बोलावं लागत नाही, ही त्या टेबलाची मोठी सोय.

सगुणभाऊंनी पालिकेकडे एक बाग मागितली. पावसाळा संपल्यापासून शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीच्या सणापर्यंत, तिथे फवारणी करायची नाही. शिगम्याचा नाचता-गाता मेळ याच बागेत थांबतो, सगळा गाव जमतो. तोवर बाग धड राहिली तर पालिकेने आपल्या सगळ्याच जमिनीवरचं औषध कमी करायचं. नाही राहिली तर सगुणभाऊ परत कधी पालिकेची पायरी चढणार नाहीत. या दुसऱ्या अटीवर नगरसेवकांनी प्रस्ताव एकमताने मंजूर केला.

मग सुरू झाली त्यांची ड्यूटी. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून त्यांनी पिवळे रंगवले, वर एरंडेल फासलं आणि झुडपांत टांगले. संध्याकाळी चष्मा कपाळावर चढवून ते पत्र्यांना चिकटलेल्या चिलटांची विचारपूस करत. थोडी असली तर मान हलवून पुढे. वाढली की साबणाचं पाणी, त्यानेही ऐकलं नाही तर निंबोळीचा अर्क, आणि तोही त्याच फांदीला. शेजारच्या फांदीवर एक थेंब उडाला तरी ते माळ्याला म्हणत, "त्या बायलेन तिकीट काडलां रे."

चुका त्यांनीही भरपूर केल्या. मांद्र्याच्या मेव्हण्याच्या काजूबागेतून त्यांनी हुमल्यांची घरटी आणली. हुमले म्हणजे पानं शिवून घर करणारे तांबडे मुंगळे. काजूवरची कीड ते फस्त करतात. घरटी गोणपाटात बांधून सगुणभाऊ बसने आले. गोणपाट वाटेत चोपडे गावाजवळ सुटलं. पुढच्या थांब्यावर ज्यांना उतरायचं नव्हतं तेही उतरले. उरलेले हुमले त्यांनी बागेतल्या आंब्यावर आणि जास्वंदीवर सोडले. आंबा सुधारला. जास्वंदीवर मात्र कापसासारखी पांढरी कीड माजली, कारण त्या किडीचा गोड चिकटा हुमले चाटतात आणि तिचीच राखण करतात. सगुणभाऊंनी हे भर बागेत सगळ्यांना ऐकवलं. "चुकीच्या गाडयेत मीच बसयले," म्हणाले, आणि जास्वंदीच्या फांद्या छाटून, उरलेली कीड बुंध्यापाशी साबणाने धूत बसले. चूक इतक्या मोठ्याने सांगणारा माणूस मी पालिकेच्या आसपास कधी पाहिला नव्हता.

शिगमा तोंडावर आला आणि घात झाला. एक नगरसेवक आंब्याखालच्या बाकावर फोनवर बोलत बसले होते, आणि हुमले त्यांच्या पॅन्टीत चढले. त्यांनी बागेतच पॅन्ट काढली. फार लोकांनी पाहिलं नाही, पण ज्यांनी पाहिलं ते गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर हुकूम आला: आंब्यापासून सुरुवात करून सगळी बाग सोमवारी फवारून घ्या.

मी सही केली.

सगुणभाऊ ऑफिसात आले. ते भांडतील अशी माझी तयारी होती. त्यांनी कागद हातात घेतला, खाली बघितलं आणि इतकंच विचारलं, "उदय, ही सय तुजी?"

मी होय म्हटलं. त्यांनी कागद जागेवर ठेवला आणि गेले.

आता जे सांगतो ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. रविवारी संध्याकाळी मी एक सोललेला नारळ आणि विड्यांचं बंडल घेतलं, बाग रिकामी व्हायची वाट पाहिली आणि दोन्ही आंब्याच्या बुंध्याशी ठेवलं. आमच्याकडे गावाची राखण करणारा राखणदार असाच कुठल्या तरी झाडाखाली असतो, आणि त्याला नारळ-विडी ठेवतात. खिशात जी लाल दोरी होती ती नारळाच्या शेंडीला बांधली. मग हात जोडले. खोटं करताना हात कशाला जोडले, ते मला अजून कळलेलं नाही.

सोमवारी माणसं पंप घेऊन आली तेव्हा नारळाशेजारी केळ्यांचा घड आणि उदबत्त्या आल्या होत्या. माणसांनी चपला काढल्या, पाया पडली आणि परत गेली. दुपारपर्यंत एका बाईला आठवलं की तिची सासू इथे काही तरी स्थळ असल्याचं म्हणायची. संध्याकाळी चावा खाल्लेले नगरसेवक स्वतः नारळ घेऊन आले. चावले ते हुमले नव्हते, आपण त्या बाकावर बसून खोटं बोलत होतो म्हणून राखणदाराने दाखवून दिलं, असं त्यांना पटलं होतं. फोनवर कोणाशी बोलत होते ते कोणी विचारलं नाही.

बाग वाचली. आणि सगुणभाऊ खवळले. रोज सकाळी गवत चघळून झालं की ते आंब्याखाली उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, इथे राखणदार नाही, मुंगळे आहेत. लोक त्यांच्याही पाया पडू लागले. राखणदाराने माणूस नेमलाय, म्हणाले.

शिगम्याआधीची बैठक आली. विषय सोपा झाला होता. स्थळाच्या जागेत औषध नको, एवढं लिहून सगळे चहाला उठणार होते. नगराध्यक्षबाईंनी सगुणभाऊंना उपचारापुरतं विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय? सगुणभाऊंनी गप्प बसायचं, की जिंकले. मी मान खाली घालून मनातल्या मनात त्यांना विनवत होतो.

ते उठले. "हांगा राखणदार ना. खोट्या तिकिटावर माजी गाडी सुटची ना. बाग बघा, बरी असली तर ठेवा, नाय तर मारा औषध."

खोलीत कुजबुज झाली. चावा खाल्लेले नगरसेवक म्हणाले, मग तो पहिला नारळ कोणी ठेवला? तो काय मुंगळ्यांनी आणला?

मी उठलो. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी फक्त कागद द्यायला उठलो होतो. "मी ठेवला," म्हटलं. "मीच सही केली होती, आणि मीच नारळ ठेवला. सही खोडायचा धीर नव्हता."

कोणी हसलं, कोणी 'शिव शिव' म्हटलं.  मला ताकीद मिळेल असं नगराध्यक्षबाई म्हणाल्या, आणि ती पुढे मिळालीही. मग त्यांनी पर्स उचलली: चला, बागच बघू.

सगळी पालिका बागेत गेली. जास्वंदीची छाटलेली खोडं हिरवीगार फुटली होती. आंबा मोहरला होता. काही पानांना भोकं होती, ती सगुणभाऊंनीच बोट ठेवून दाखवली. शेवटी बाईंनी गवत चघळण्याचं विचारलं.

ते एकदम लाजले. "बस स्टँडवर लागली की पॅसेंजर चडच्या आदी मी एकदा भितर फिरान येयचो," म्हणाले. "आठ वाजता रांगपी भुरगीं, लहान बाळां येतत हांगा. हाताक लागलां तें तोंडात घालतत. कोणी चोरून औषध मारलां तर आदी माका कळूंक जाय."

 बाई साडी सावरून गवतावर बसल्या आणि त्यांनी एक काडी तोडली. ती तोंडात घातली की नाही याबद्दल गावात दोन मतं आहेत. पण बागेला, शाळेच्या कुंपणांना आणि स्मशानाच्या वाटेला पुढचं वर्ष मिळालं: आधी तपासणी, मग गरज असेल तिथेच आणि तेवढाच उपाय.

सगळे गेल्यावर मी सगुणभाऊंची माफी मागितली.

"माका आदीच ठावक आसलां," ते म्हणाले. "फायलीची नाडी बांधलेली तुवें. राखणदाराकडे खंयच्यो फायली?"

मग त्यांनी सांगितलं की पहिल्याच सकाळी माणसं यायच्या आत त्यांना तो नारळ दिसला. तो उचलून घरी न्यावा की नको, हे ठरेपर्यंत फिरणारे आले. केळी आली, नारळांवर नारळ आले. त्या संध्याकाळी ते सगळे त्यांनी बालवाडीत दिले. माझा तेवढा घरी नेला.

"खाल्लात?"

"खंय रे." ते पायाने गवत सारखं करत होते. "ती गेल्यापासून नारळ फोडूंकच ना घरात. एकट्यान फोडलो तर अर्दो आंबता. बिननारळाचां माशांचां हुमण खातां. सवय जाल्या."

आम्ही दोघे फाटकापर्यंत चालत आलो. त्यांनी घड्याळ बघितलं, जणू कुठली तरी गाडी लागायची होती.

"बांगडे घेतल्यात आज," म्हणाले. "येतंस? दोगां आसली तर फोडूया."

नारळ त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होता, शेंडीला लाल नाडी तशीच. ती त्यांनी सोडली, गुंडाळून माझ्या खिशात घातली आणि कोयती शोधू लागले. नारळ फुटला तसा मी आदोळीवर खोबरं किसायला बसलो.