आठ दिवसांचा थांबा

"यष्टीना थांबा कायम व्हयनाच समजा!" पितांबरभाईंनी भर चौकात छाती ठोकून सांगितलं.

साल बासष्ट. तापीकाठच्या या गुजरांच्या गावात गुजराती शाळा चौथीपर्यंतच. पुढं शिकायचं तर नंदुरबार गाठायचं, आणि तिकडं जाणारी गाडी फाट्यावरून धूळ उडवत सरळ निघून जायची. पितांबरभाईंची रंजना पाचवीत जायला एका पायावर तयार होती. चपला झिजवल्यावर थांबा मिळाला, तोही आठ दिवसांपुरता. गाडी वेळेवर गेली तर कायम.

म्हणजे ड्रायव्हर खूश पाहिजे, असं पितांबरभाईंनी ठरवलं. पहिल्या दिवशी त्याला नि कंडक्टरला त्यांनी चहा पाजला. सात पोरं वेळेत शाळेत! दुसऱ्या दिवशी चुनीलालभाई रुसले. पितांबरभाईंचा घेता आणि आमचा नाही? त्यांनी चहाबरोबर शेव आणली. तिसऱ्या घरानं भजी तळली. चौथ्या दिवशी दोघांनीच खाणं बरं दिसेना, म्हणून साऱ्या उतारूंना केळी. पाचव्या दिवशी फाट्यावर खाटा पडल्या आणि उतारू न सांगता उतरू लागले. सातव्या दिवशी उशीर झाला म्हणून हेडमास्तरांनी सातही पोरांना दारातूनच परत पाठवलं. रंजना घरी येऊन जेवली नाही, तेव्हा कुठं पितांबरभाईंचे डोळे उघडले.

त्यांनी दारोदार हात जोडले. उद्या शेवटचा दिवस, तपासायला यष्टीचे साहेब गाडीतूनच येणार, कुणी पाण्याचा पेलासुद्धा आणू नका!

आठव्या दिवशी गाडी आली. पोरं चढली. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर गेला, तोच नथ्थूची गजराबाई चहाचं पातेलं घेऊन गाडीपुढं उभी राहिली. तिच्या घराची पाळी राहून गेली होती.

"बठ्ठासना घरना चहा पिनात, मन्हा घरनाच कडू शे का?"

पितांबरभाई तिला हटवायला धावले. पण साहेबच खाली उतरले; बाईमाणसाचं मन मोडवेना म्हणाले. एक कप झाला, दुसरा झाला, मग शिरा आला. पाऊण तासानं त्यांनी पितांबरभाईंचा हात हातात घेऊन गावाची तोंडभरून स्तुती केली. पितांबरभाईंच्या जिवात जीव आला.

पंधरवड्यानं कागद आला. रंजना दप्तर घेऊनच ऐकायला उभी राहिली. तलाठ्यांनी चष्मा लावून वाचलं:

"गावची माणसे अतिशय चांगली आहेत. सबब, थांबा मंजूर करता येत नाही."