कोणतं बोट ऐकते?

मलकापुरात आमच्या शेजारी राहणारे सुरडकरकाका दुकानात कुठलंही नवं यंत्र पाहताना आधी हातात गोधडीच्या कापडाचे मोजे चढवतात आणि डोळ्यांवर भलत्याच नंबरचा चष्मा लावतात. मग मिक्सर असो की रिमोट, अधू हाता-डोळ्यांच्या माणसाला जमेल का, हे चाचपडत चालवून बघतात. जमलं नाही तर जाहीर करतात, "नापास." मिक्सर नापास, माणूस नाही. बसआगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाल्यापासून हाच उद्योग. त्यांना येताना पाहून दुकानदार चहा प्यायला निघून जातात.

मीही हसायचे. मग माझ्या आईला लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं. मी दिवसभर शाळेत शिकवायला, आई घरी एकटी. म्हणून तिला टचचा चांगला फोन आणला. तिचं बोट जरा घसरलं की कॅमेरा उघडायचा, नाहीतर कुणीतरी गाणं म्हणू लागायचं. आई ओशाळून फोन उशीखाली सारायची.

मी तो काकांना दाखवला. त्यांनी फोनकडे पाहिलंच नाही. दुपारभर आईचे हात पाहत बसले. मग विचारलं, "वहिनी, कोणतं बोट ऐकते तुमचं?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आईने डावा अंगठा उचलला.

काकांनी जुना बटनांचा फोन आणला. चामड्याच्या तुकड्याने सगळी बटनं झाकली, दोनच उघडी ठेवली आणि त्यांवर कोटाच्या मोठ्या गुंड्या चिकटवल्या. पण आईचा अंगठा तिरका पडायचा, गुंडी दबेना. ती रडवेली झाली.

"तुम्ही काऊन रडता? नापास मी झालो," म्हणत काका फोन घेऊन गेले. असं बरेच दिवस चाललं. शेवटी त्यांनी गुंडीच तिरकी बसवली, आणि ती दबली. आई हसली. मला काकांच्या पाया पडावंसं वाटलं, ते मात्र चष्मा पुसत बसले होते.

एका गुंडीवर माझा नंबर. दुसरी कुणाला द्यायची, म्हणून विचारलं तर आईने अंगठा काकांकडे केला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी फोन हातात घेऊन बसले. वाजेना. मी लावला तर सारखा बिझी. घाबरून घरी आले. आमच्या खिडकीतून आईचा आवाज येत होता. कितीतरी दिवसांनी ती अडखळत, पण मनसोक्त बोलत होती. आणि शेजारच्या ओट्यावर काका, फोन कानाशी, "हो वहिनी, हो" म्हणत बसलेले.

आई काय म्हणते, मी खुणेनेच विचारलं. त्यांनी फोनवर तळवा ठेवला.

"समजून नाही राह्यलं," ते हळूच म्हणाले. "पण तुझी काकू गेल्यापासून कंपन्यांशिवाय मले कोणाचा फोन येत नाही, पोरी. मी इथंच बाजूले बसलो हाये, हे त्याइले सांगू नको. फोन ठेवून देतील."

मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता शाळेकडे वळले.