मागे न येणारा मास्तर

सही केली असती तर प्रकरण दहा मिनिटांत मिटलं असतं. पण सही करायची नाही, असं इलारियो ओंतिवेरोसने ठरवलं. मेक्सिकोतल्या साकातेकासमध्ये तो बावीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवत होता, आणि विमा कंपनीच्या कागदात लिहिलं होतं की गाडी मागे घेताना त्याने कोल्ड्रिंकच्या व्हॅनला धडक दिली.

वास्तविक तो जागचा हललाच नव्हता. शिकणाऱ्या बाईंच्या दाराशी गाडी उभी करून तो गोरदिता, म्हणजे सारण भरलेली मक्याची जाड भाकरी, खात होता (एका हातात गोरदिता, दुसऱ्यात लाल चटणी, मग गिअर टाकणार कशाने?). मागच्या चढावरून व्हॅन घरंगळत आली आणि थेट डिकीत शिरली. व्हॅनवाला खाली उतरून शांतपणे म्हणाला, "मास्तर, मागे बघायचं असतं." कंपनीच्या तपासनिसाने त्याचं ऐकून घेतलं, इलारियोच्या शर्टावरची चटणी पाहिली आणि निकाल लिहून टाकला.

"कर ना सही," बायको आम्पारो म्हणाली. "डिकी काय, दोरीने बांधता येते."

"आणि अब्रू कशाने बांधू?"

आम्पारोने दोरी जरा लांबच आणली.

डिकी बांधलेली, टपावर 'ओंतिवेरोस ड्रायव्हिंग स्कूल' अशी पाटी, अशी ती गाडी आठवडाभर गावातून फिरली. तीन आयांनी आपापल्या मुलींची नावं काढून घेतली. त्यातच पुढच्या महिन्यात शिकवण्याच्या परवान्याचं नूतनीकरण होतं, आणि अपघाताचा दोष नावावर असला की परवाना मिळत नसे. इलारियोने कंपनीला चार पत्रं लिहिली. चौथ्या पत्रानंतर तक्रारी बघणाऱ्या बेरेनीसबाईंनी बोलावून घेतलं.

"साक्षीदार आणा," त्या म्हणाल्या. "मग मी स्वतः बघते."

शिकणाऱ्या बाईंच्या दारासमोरच्या बाल्कनीत एदुविखेसबाई राहायच्या; सगळे त्यांना मानाने 'दोन्या' म्हणत. वय ब्याऐंशी, गल्लीतलं काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. इलारियो पेरूच्या वड्या घेऊन गेला.

"येईन की," त्या म्हणाल्या. "पण खरं तेच सांगेन."

"मला तेवढंच हवंय, दोन्या."

(माणूस असं बोलून जातो.)

मंगळवारी तो, आम्पारो आणि दोन्या एदुविखेस कंपनीत जाऊन बसले.

"यांची गाडी मागे आली का?" बेरेनीसबाईंनी विचारलं.

"नाही."

"तुम्ही बघत होतात?"

"नाही. मी कुंड्यांना पाणी घालत होते. आवाज आला तेव्हा वळले."



"मग कशावरून सांगता?"

"अगं बाळ, हा माणूस कित्येक वर्षं आमच्या गल्लीत शिकवायला येतोय, माझ्या बाल्कनीसमोरच गाडी लावतोय. आधी मागे घेऊन लावायचा प्रयत्न करायचा. मी शेजारणींना हाका मारून बोलवायचे, आम्ही खुर्च्या टाकून बसायचो. पुढे त्याने तो नाद सोडला. आता सरळ येतो, सरळ जातो. जागा नसली तर चौकाला वळसे घालत बसतो. एकदा अकरा घातले. आणि हा म्हणे मागे चढ चढून व्हॅनवर गेला. याच्याने ते व्हायचं नाही."

बेरेनीसबाईंनी इलारियोकडे पाहिलं. "हे खरं आहे?"

नाही म्हणावं तर परवाना जाणार. हो म्हणावं तर... त्याने आम्पारोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती, पण टेबलाखाली तिने त्याचा हात घट्ट धरला होता.

"खरं आहे," तो म्हणाला.

"मग मुलांना गाडी मागे घ्यायला कसं शिकवता?"

"तोंडी."

बेरेनीसबाई गालातल्या गालात हसल्या आणि लिहू लागल्या.

निकाल त्याच्या बाजूने लागला. डिकी नवी झाली, परवानाही मिळाला. मुलींच्या आया मात्र निकालाचं पत्र बघायला मागू लागल्या, आणि पत्रात शिक्क्यासकट लिहिलं होतं: 'सदर चालकास गाडी मागे घेता येत नाही, सबब तो निर्दोष आहे.' इलारियोने ते पत्र कपाटात चादरींच्या खाली ठेवून दिलं आणि आयांना सांगितलं, पत्र टपालात हरवलं.

पंधरा दिवसांनी बेरेनीसबाईंचा फोन आला. इलारियो उभा राहूनच बोलला.

"मास्तर, माझ्या आईला गाडी शिकायची आहे. तुमच्याकडे पाठवू?"

"जरूर पाठवा," तो म्हणाला. "माझ्यावर एवढा विश्वास..."

"आहेच. पुढे जायचं तुम्ही शिकवा. मागे यायचं रविवारी मी शिकवेन."

इलारियोने वही काढली आणि गुरुवार दहाची वेळ लिहून घेतली.