पुठ्ठ्याची आघाडी

कागद व पुठ्ठा निर्यात तुलना कक्षात दोन खुर्च्या होत्या. एकीवर साहेब बसत, दुसरीवर आकडेवाले आजोबा. समोरच्या भिंतीवर दोन रेघा. निळी आपल्या देशाची, लाल शेजाऱ्यांची. गेली तीस वर्षं लाल रेघ निळीच्या बोटभर वर होती आणि कोणाचं काही अडलं नव्हतं.

आजोबांचं मात्र त्या सकाळी अडलं होतं. नात दारातच आडवी उभी.

“आबा, वही आणणार ना? सोमवारी वही नसली तर बाई उभं करतील.”

“आज नक्की, बाळा.”

“कालपण नक्कीच होतं!”

कक्षात पोचताच साहेबांनी भिंतीकडे बोट केलं. “लाल रेघ वर का?”

“ते जास्त कागद विकतात, साहेब.”

“हे कारण झालं. मला खुलासा हवाय.”

आजोबांनी तीस वर्षांचा तुलनात्मक अहवाल केला. चारशे पानं, वर पुठ्ठ्याचं वेष्टन. आकडे पडताळायला प्रती शेजारी देशाला धाडल्या. सीमेवरच्या नाक्याने त्या रीतसर तोलल्या: कागद आहे, बाहेर चाललाय, म्हणजे निर्यात. निळी रेघ केसभर वर सरकली. साहेब चक्क खुर्चीतून उठले.

पण रेघ सरकल्याने अहवालातला शेवटचा आकडा चुकीचा ठरला. सुधारित अहवाल धाडावा लागला. त्याने रेघ पुन्हा सरकली, अहवाल पुन्हा चुकला. चौथ्या खेपेला साहेब म्हणाले, “पुठ्ठा जरा जाड घ्या.”

शेजारीही काही दुधखुळे नव्हते. त्यांनी दोन ट्रक भरून असहमती कळवली. लाल रेघ टुणकन वर!

मग चुरस लागली. देशातला सगळा कागद अहवालासाठी राखून ठेवण्यात आला. शनिवारी आजोबा दुकानात गेले, तर दुकानदार हात जोडून म्हणाला, “वही? आजोबा, वह्यांचा कागद तुमच्याच कक्षाने उचलला की!”

नातीने शांतपणे ऐकून घेतलं. “आबा, त्यांचे कागद आपल्याकडे येतात ना? पाठकोरे असतील. त्यांची शिवून द्या वही.”

आजोबांना वाटलं, पोरगी कक्षप्रमुख व्हायची. पण कक्षात हे ऐकताच साहेब दचकले. “भलतंच काय! गठ्ठा उघडला म्हणजे मिळाला. मिळाला म्हणजे आयात, म्हणजे त्यांची रेघ पक्की. आपण अजून त्यांना पोचच दिलेली नाही!”

“पण साहेब, एकच गठ्ठा…”

“राष्ट्राची रेघ मोठी, की तुमच्या नातीची वही?”

आजोबांनी अकरावा अहवाल बांधायला घेतला. सोमवारी सकाळी तो सीमा ओलांडून गेला आणि निळी रेघ लाल रेघेच्या सूतभर वर आली. साहेबांनी भिंतीशी उभं राहून फोटो काढून घेतला.

तेव्हापासून लोकांच्या पत्रांचा पाऊस पडतोय. नेमके किती टनांनी पुढे गेलो? ही आघाडी टिकेल का? आजोबा एकेक पत्र फोडतात, दोन्ही बाजू चाळतात आणि बाजूला ठेवतात. त्या सोमवारी वर्गात कोण उभं होतं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.

तुमचंही लक्ष रेघेवरच होतं ना?