लगतधारकाला नोटीस दिली का?

आमच्या वाचनालयातला कुठलाही कथासंग्रह उचला. त्यातली एखादी कथा 'मी'च्या तोंडून सांगितलेली असेल, तर तिच्या शेवटी पेन्सिलीनं लिहिलेला एक शेरा तुम्हाला हमखास सापडेल. 'सांगणारा खोटं बोलतोय. पान ४२ पाहा.' किंवा 'सांगणारा निम्मं खरं बोलतोय.' आणि त्याखाली निकाल: 'हलला नाही.' क्वचित, अगदी वर्षाकाठी एकदा, 'हलला.'

हे शेरे आप्पा देवऱ्यांचे. दर सोमवारी मी खोडरबर घेऊन बसते आणि ते खोडते. सात वर्षं झाली, ते लिहितात आणि मी खोडते. पहिल्याच महिन्यात मी त्यांना फैलावर घेतलं होतं. म्हटलं, "आप्पा, वाचनालयाची पुस्तकं अशी खराब करायची नसतात." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "खराब नाय केलं बाई. मोजलंय."

आप्पा भूमापन खात्यात मोजणीदार होते. उभं आयुष्य नाशिक जिल्ह्यातली शेतं मोजण्यात गेलं. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातली मोजली, बागलाणातली मोजली. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून ते आमच्याकडे येऊन कथा मोजायला लागले. गंगापूर रोडच्या आत, गणपतीच्या देवळावरच्या हॉलमध्ये आमचं वाचनालय आहे. आप्पा पायऱ्या मोजत चढून येतात तेव्हा त्यांच्या खिशात एक पेन्सिल आणि एक स्टीलचा टेप असतो. पेन्सिल कथेसाठी. टेप कशासाठी, ते मी विचारलं नव्हतं, पण एक दिवस त्यांनी माझं टेबल मोजून दाखवलं आणि एक पाय अर्ध्या इंचानं आखूड असल्याचं जाहीर केलं. वीस वर्षं मी त्या टेबलाला डुगडुगतं म्हणत होते. आता मला निदान कुठला पाय ते कळलं.

अख्खी कॉलनी मला ताई म्हणते. शाळेतली पोरं म्हणतात, त्यांचे आजोबाही म्हणतात. आप्पा मात्र मला बाई म्हणतात. सुरुवातीला मला वाटलं, माणूस खडूस आहे. खडूस तर होतेच.

त्यांचा सिद्धांत ऐकण्यासारखा आहे. "बाई, शेत मोजायचं म्हटलं का शेजारच्या शेतकऱ्याला आधी नोटीस जाती. त्याला आमी लगतधारक म्हणतो. तो बांधावर उभा पायजे. तो म्हणल, हद्द हितं नाय, तितं. मग खरं काय ते निघतं. कथेत तसं हाय का? हा 'मी' म्हणणारा एकटाच साखळी वढतो, एकटाच खुणा रोवतो, आन् आपलीच जमीन वाढवून घेतो. लगतधारकाला नोटीसच नाय!"

"आणि हलला म्हणजे?"

"कथा सुरू झाली तवा तो जिथं उभा होता, तितनं शेवटाला पाऊलभर तरी सरकला का? लई लोक नुसतं रडत्यात. जागचे हलत नाय."

दर शनिवारी दुपारी आमच्याकडे कथावाचन असतं. आठ-दहा पेन्शनर, दोन-तीन गृहिणी, चहा आणि पारले बिस्किटं. एकदा कॉलनीतल्याच एका लेखकांनी स्वतःची कथा वाचली. बायको आजारी पडते, 'मी' तिची अहोरात्र सेवा करतो आणि त्या सेवेतून त्याला आयुष्याचा अर्थ कळतो, अशी कथा. दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावले. मीही लावला असेन. टाळ्या संपल्यावर आप्पा उभे राहिले.

"कथा चांगली हाय. एकच शंका. चौदा पानांत सहा वेळा चहा आला. बायको तर अंथरुणाला खिळलेली. मग चहा कोणी केला?"

लेखक म्हणाले, "म्हणजे... तो तपशील आहे."

"तेच इचारतो. तपशील कोणी केला?"

मागच्या खुर्चीवर लेखकांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांना असं काही हसू फुटलं की पाण्याचा ग्लास सांडला. लेखक त्यानंतर दोन महिने आले नाहीत. पत्नी मात्र दर शनिवारी नेमानं यायला लागल्या, आणि आल्या की आप्पांना आधी बिस्किटं द्यायच्या.

गेल्या वर्षी नवरात्र संपल्यावर आप्पांनी माझ्या टेबलावर एक दोनशेपानी वही ठेवली. त्यांनी स्वतः कथा लिहिली होती. एकच कथा, किती वर्षं लिहीत होते कुणास ठाऊक. काही पानं पिवळी पडली होती, काही नवीकोरी होती. "वाचा," म्हणाले. "आन् खाली शेरा लिहा. घाई नाय. पण भाऊबीजेच्या आत सांगितलं तर बरं व्हईल."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. पण तो काळ म्हणजे वाचनालयाची लग्नसराईच. दिवाळी अंकांचे गठ्ठे येऊन पडले होते, कव्हरं घालायची होती, अंकयोजनेचे सभासद दारात उभे होते. मी वही मधूनमधून चाळली. बहीण-भावाची गोष्ट होती. नामपूरचं गाव, आई लवकर गेलेली, मोठ्या बहिणीनं, आक्कानं, भावाला कडेवर वाढवलेलं. मग वडील गेल्यावर जमिनीचा प्रश्न येतो. आक्का हसत हसत हक्कसोडीच्या कागदावर सही करते, भाऊ तिला साडी आणतो, ती लगेच नेसून येते आणि म्हणते, माझा भाऊ हीच माझी जमीन.

हक्कसोड म्हणजे काय, ते आमच्याकडच्या बायकांना सांगावं लागत नाही. बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून द्यायचा, बदल्यात साडीचोळी घ्यायची आणि माहेर टिकवायचं.

आप्पा विचारायला आले तेव्हा मी एका अंकाला कव्हर घालत होते. मान वर न करता म्हटलं, "छान आहे हो आप्पा."

"छान?"

"छान जमलीय."

"बरं," म्हणाले आणि वही घेऊन गेले. भाऊबीजेच्या दिवशी वाचनालय बंद होतं. मी देवळात गेले, तर आप्पा आमच्या बंद दाराशी पायरीवर बसलेले. म्हटलं, "गावाला नाही गेलात?" तर म्हणाले, "जाणार व्हतो. पण कथा छान हाय म्हणल्यावर कशाला जायचं?" मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मी हसून प्रसाद दिला आणि घरी आले.

ती वही पुन्हा माझ्या हाती आली ती मार्गशीर्षात. शनिवारच्या वाचनाला कथा कमी पडली, म्हणून मीच आप्पांकडून मागून घेतली. या वेळी पहिल्यापासून वाचली. आणि त्या सहीच्या पानावर मी थांबले.

आता माझंही सांगते, नाहीतर माझ्याही खाली शेरा पडायचा. मीही माझ्या भावाला सही दिलेली आहे. हसत दिली, असं मी सगळ्यांना सांगते. त्या दिवशी भावानं दिलेली साडी अबोली रंगाची होती, काठ हिरवे होते आणि तिच्या पदराला एक धागा निघालेला होता. पंधरा वर्षं झाली, पण मला तो धागासुद्धा आठवतो. अशी साडी विसरता येत नाही. आप्पांच्या कथेत बांधावरच्या बाभळी मोजलेल्या होत्या. विहिरीची खोली फुटांत दिली होती. साडीला मात्र रंगच नव्हता.

शनिवारी लोक यायच्या आधी आप्पा आले. मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

"आप्पा, साडी कोणत्या रंगाची होती?"

त्यांनी पान पाहिलं. मग मागचं पान पाहिलं, जणू तिथं लिहिलेला असेल. खिशातली पेन्सिल काढली, परत ठेवली.

"ती नेसली होती ना? लगेच नेसून आली होती. मग रंग कोणता?"

"नाय नेसली," आप्पा म्हणाले.

मग ते बोलले. एकोणीस वर्षांपूर्वीची भाऊबीज. आक्कानं पाटावर बसवून ओवाळलं. भावानं ताटात ओवाळणी टाकायची असते. आप्पांनी ताटात साडीचा पुडा ठेवला आणि त्यावर तो कागद. आधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. निरांजन अजून जळत होतं. आक्कानं कागद वाचला, कुंकवाच्या बोटानंच पेन धरलं आणि सही केली. पुडा उघडलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी नोंदणी कचेरीत सोबत आली आणि तिथंही सही केली. पुढच्या भाऊबीजेला बोलावणं आलं नाही, आणि आप्पा गेले नाहीत.

"लोकांच्या बांधाला नोटिसा धाडल्या बाई जलमभर," म्हणाले. "घरच्या लगतधारकाला नाय धाडली."

मला वाटलं, ते रडतील. ते रडले नाहीत. त्यांनी वही मिटली आणि इतकंच म्हणाले, "दिवाळीलाच इचारायचं व्हतं तुमी." त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. दिवाळीत वही मी नुसती चाळली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

रविवारी पहाटेच्या सटाण्याच्या गाडीनं ते नामपूरला गेले. पुढच्या शनिवारी परत आले आणि सगळे गेल्यावर माझ्या टेबलाशी बसले.

आक्का खाटेवर होती. दिवाळीत उठून बसत होती म्हणे, आता कुशीवर वळायलाही सून लागते. आप्पांना पाहून अहिराणीत म्हणाली, "दत्तू, उना का रे भाऊ? बठ." जणू कालच गेला होता. आप्पांनी वाटेत जुळवलेलं सगळं भाषण विसरून थेट विचारलं, "आक्का, त्या साडीचा रंग कोणता?"

आक्कानं सुनेला पेटी उघडायला लावली. तळाशी पुडा होता, दुकानाच्याच सुतळीनं बांधलेला. आतली साडी डाळिंबी. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"मला वाटलं, रागानं ठेवली," आप्पा म्हणाले. "तर सून सांगती, सासूबाईंनी बजावून ठेवलंय, ही माझ्या अंगावर शेवटाला घाला. शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. दत्तू काय यायचा नाय, म्हणून हेच जपून ठेवा."

त्यांनी खिशातली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, आक्का, ही आज नेस. शेवटची मी आणीन."

सुनेनं ती साडी पांघरुणासारखी अंगावर घातली. आक्का दिवसभर तिच्या काठावरून बोट फिरवत राहिली. जमिनीचा विषय आप्पांनी काढला, चुकलो म्हणाले. ती म्हणाली, जमीन मागितली असती तर तशीच दिली असती रे, ताटात कशाला ठेवलीस?

त्यानंतर आप्पा दर आठवड्याला नामपूरला जायला लागले. शनिवारचं वाचन त्यांच्याशिवाय होऊ लागलं. लेखकांनी पुन्हा एक कथा वाचली, तिच्यात चहा कुणी केला ते स्वच्छ लिहिलं होतं, आणि ते ऐकायला आप्पा नव्हते.

फाल्गुनातल्या एका मंगळवारी ते भर दुपारी आले. पायऱ्या न मोजता आले असावेत, धाप लागली होती.

"एक साडी घ्यायचीय," म्हणाले. "मला त्यातलं कळत नाय. तुमी येता का, ताई?"

सात वर्षांत पहिल्यांदा. मी वाचनालयाला कुलूप लावलं. 'शेवटची मी आणीन,' हे त्यांचं वाक्य माझ्या लक्षात होतं.

मेन रोडच्या दुकानात पोरगा भराभर साड्या उलगडत होता. "काका, कार्यक्रम काय आहे? त्या हिशोबानं दाखवतो." आप्पा म्हणाले, "बहिणीला न्यायचीय. माहेरची." त्यांनी एक मोरपंखी बाजूला काढली. किंमत विचारली नाही, टेपही काढला नाही. ती हातावर घेऊन ते दुकानाच्या दारापर्यंत गेले आणि उन्हात उभे राहिले. पदर पाहिला, काठ पाहिले, मग पुन्हा पदर पाहिला. पोरगा कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

"मोरपंखी," आप्पा म्हणाले. "काठ डाळिंबी. नीट बघून ठेवा, ताई. उद्या कोणी मला इचारलं, तर सांगता आलं पायजे."