वेस्टर्न, क्लासिक, एक नग

दादाच्या पासष्टीला चार दिवस उरले होते आणि राजेंद्रच्या हातात अजून पिक्चर आला नव्हता. बदलापूरला बेलवलीच्या आपल्या घरात तो सकाळपासून चहाचा कप घेऊन हॉलमधून गॅलरीत आणि गॅलरीतून हॉलमध्ये फिरत होता. चहा गार झालाय हे त्याच्या बायकोने, सुषमाने, दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा कपच काढून घेतला.

"एवढं काय जिवाला लावून घेताय? शाल द्या, पुष्पगुच्छ द्या, मोकळे व्हा."

"सगळ्या नातेवाइकांसमोर बोललोय मी. दादा, पासष्टीला तुला तो पिक्चर शेवटपर्यंत दाखवणार म्हणून."

"मिळत नाही हे माहीत असताना बोललात कशाला?"

एका लग्नाच्या भर मांडवात, पोटभर जेवण झाल्यावर माणूस जे बोलतो ते राजेंद्र बोलून बसला होता.

गोष्ट एकोणऐंशी सालची. सुदामदादा तेव्हा वीस वर्षांचा होता आणि राजेंद्र दहा. अंबरनाथ एमआयडीसीत दादाला नोकरी लागली आणि पहिल्या पगाराला तो धाकट्याला घेऊन उल्हासनगर कॅम्प चारच्या थेटरात गेला. पिक्चर होता ‘फाइव्ह सॅडल्स फॉर सांता रीटा’. इंग्रजी दोघांनाही समजत नव्हतं, पण घोडे समजत होते, बंदुका समजत होत्या आणि वाईट माणूस तर मिशीवरूनच कळत होता. शेवटची लढाई आली. नायकाने हात बंदुकीवर नेला आणि त्याच क्षणी राजेंद्रने स्वतःचा हात पोटावर नेला. मध्यंतरात खाल्लेलं दालपकवान आणि त्यावर चोखलेला बर्फाचा गोळा यांचं आत काही जमलं नव्हतं. दादाने त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, पिक्चर बदलला, आणि पुन्हा कधी लागला नाही.

तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, दादा पानावर बसला की म्हणायचा, "ह्याच्यापायी मी शेवट बघितला नाही." सगळे हसायचे. राजेंद्रही हसायचा, पण त्याचं तोंड पडायचं. वडील गेल्यावर ह्याच दादाने त्याला शिकवलं, नोकरीला लावलं, लग्न करून दिलं, आणि बदल्यात कधी काही मागितलं नाही. एवढी एकच तक्रार केली, आणि ती काही राजेंद्रला फेडता येत नव्हती.

प्रयत्नांत त्याने कसूर केली नव्हती. ‘खोगीर मंडळ’ नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात तो सात वर्षं होता. जुन्या घोडेस्वारी पिक्चरांवर जीव टाकणारे तीसेक लोक तिथे होते आणि जे पिक्चर कॅसेटवर, सीडीवर, कशावरच कधी आले नाहीत त्यांची त्यांनी यादी केली होती. लोक देवळात नवस बोलतात तितक्या भक्तीने ती यादी दर महिन्याला नव्याने टाकली जाई. यादीत पहिलं नाव ‘फाइव्ह सॅडल्स’चं. मालकाच्या वारसांचं हक्कांवरून भांडण आहे, हे मिटल्याशिवाय तो घरी बघायला मिळणं अशक्य, असं मंडळाचं ठाम मत होतं.

राहिला उल्हासनगरचा बाजार. जगात जे मिळत नाही ते तिथे मागच्या गल्लीत मिळतं, यावर राजेंद्रची श्रद्धा होती. त्याने बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या तिन्ही गावांचा जो घेण्या-देण्याचा ग्रुप होता त्यावर मजकूर टाकला. आता राजेंद्र होता एका कारखान्यात स्टोअरकीपर. तीस वर्षं मागणीपत्रं भरून त्याचा हात असा बसला होता की बायकोला भाजीची यादीसुद्धा तो नगावर द्यायचा. त्याने लिहिलं:

‘आवश्यकता: वेस्टर्न, क्लासिक, जुना. संख्या: १ नग. स्थिती: चालू, मधे तुटलेला नसावा. प्रयोजन: ज्येष्ठ बंधूंच्या घरगुती उपयोगासाठी. मुदत: शनिवार.’

खोगीर मंडळात ‘वेस्टर्न’ म्हटलं की पुढे पिक्चर हा शब्द कोणी लावत नसे. त्यानेही लावला नाही.

गुरुवारी दुपारी फोन आला. उल्हासनगरचे होतचंदशेठ, जुन्या सामानाचे व्यापारी.

"हॅलो, वेस्टर्न आपको मंगता?"

"हो, हो! आहे तुमच्याकडे?"

"आपण काय नाय ठेवत, साहेब? पुराना, क्लासिक. इटली का माल."

इटली! राजेंद्रच्या अंगावर काटा आला. घोड्यांचे कितीतरी नामी पिक्चर अमेरिकेत नव्हे तर इटलीत बनले, हे जाणकारालाच ठाऊक असतं. माणूस पोचलेला दिसत होता.

"रंगीत आहे?"

"व्हाइट है. थोडा पिवळा पडला, पुराना है ना."

"पडणारच. पण शेठ, मला शेवटपर्यंत जाणारा पाहिजे. शेवटालाच अडलेलं आहे सगळं."

शेठ म्हणाले, "एक बार में सब क्लिअर. गारंटी. आवाज थोडा जास्ती येतो."

"येऊ दे. गोळीबार म्हटल्यावर आवाज पाहिजेच."

"साहेब," शेठचा आवाज एकदम हळवा झाला, "तकलीफ किसको है? तुमको?"

"मोठ्या भावाला. पंचेचाळीस वर्षं झाली. माझ्यामुळे."

"पैंतालीस साल! अरे झूलेलाल!"

"त्याच्यावर नाव काय लिहिलंय, तेवढं सांगा."

"घिस गया है. एस, ए, एन... आगे का दिखता नहीं."

"सांता!" राजेंद्र खुर्चीवरून उठला. "तोच! शेठ, तो दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"किसको देगा, सबको नया मंगता. मेरा मिस्त्री घर आके लगाके देगा. तुम पता भेजो."

मिस्त्री मशीनसकट पिक्चर लावून देणार असं धरून राजेंद्रने मागचापुढचा विचार न करता अंबरनाथचा, दादाच्या घरचा पत्ता कळवला. शनिवारी दादा आणि यशोधरावहिनी डोळे तपासायला जाणार होते. घरी फक्त त्यांची सून, प्रगती, असणार होती. वेस्टर्न लावायला माणसं येतील, दादाला कळू देऊ नकोस, असं तिला त्याने फोनवर पढवून ठेवलं आणि दोन दिवस धडधडत्या छातीने काढले.

शनिवारी अकरा वाजता प्रगतीचाच फोन आला.

"जयभीम काका. माणसं आलीत. म्हणतात, जुनं काढायला लागेल."

"काढू दे की." दादाचा डीव्हीडी प्लेअर तसाही वर्षभर बंद होता. "जुन्याचा उपयोग काय आता!"

"थोडं फोडावं लागेल म्हणतात."

पडदा भिंतीवर लावायचा म्हणजे खिळे आलेच. "फोडू दे. पण काम पक्कं करा म्हणावं."

"आणि उद्या दुपारपर्यंत वापरायचं नाही म्हणतात."

"कोण वापरतंय! उद्या बारा वाजता सगळ्यांसमोरच उद्घाटन करायचं. दादाला मधोमध बसवायचं, आपण सगळे भोवती."

प्रगतीने आवाज खाली आणला. "सगळे भोवती, काका?"

"अगं, मजाच त्यात आहे! लाइट घालवायचे आणि कोणी मधे बोलायचं नाही."

प्रगती "बरं" म्हणाली, पण तिच्या आवाजात नेहमीचा उत्साह नव्हता. ते काही राजेंद्रला स्वस्थ बसू देईना. शेठने जुनी रीळ तर नाही पाठवली? ती चालवणार कशावर? चार वाजता तो अंबरनाथला पोचला तेव्हा जिन्यात फरशीचे तुकडे भरलेलं घमेलं ठेवलेलं होतं आणि हॉलच्या भिंती जशाच्या तशा होत्या.

"कुठे लावलाय?"

प्रगतीने संडासाकडे बोट दाखवलं. आतून सिमेंटने हात माखलेला हिरामण मिस्त्री बाहेर आला. "बघा साहेब, लेव्हल एकदम बरोबर. आजकाल असा भक्कम पीस बनत नाय."

राजेंद्रने आत पाहिलं. ओल्या सिमेंटात, किंचित पिवळसर, रुंद खांद्यांचा एक इटालियन कमोड उभा होता. मागच्या बाजूला खरंच एस, ए, एन अशी अक्षरं होती आणि त्यापुढे, नीट वाकून बघितलं तर, ‘सॅनिटरी’ शब्दातले आय आणि टीसुद्धा दिसत होते.

"हे काय आहे?"

"वेस्टर्न."

"आणि पिक्चर?"

"संडासात पिक्चर?" हिरामणने प्रगतीकडे पाहिलं आणि प्रगतीने छताकडे.

राजेंद्र मोरीच्या कट्ट्यावर बसला. "जुना परत बसवा. आत्ताच्या आत्ता."

"तो काय घमेल्यात आहे," हिरामण म्हणाला.

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम..." प्रगती रडकुंडीला आली. "बाबांना दोन वर्षं खाली बसवत नाही, काका. उठताना नळ धरून उठतात. पण वेस्टर्नचं नाव काढलं की घर डोक्यावर घेतात. ते म्हाताऱ्यांचं काम आहे म्हणतात. मिस्त्री आणला तर दोनदा परत पाठवला. आता काय करायचं?"

म्हणजे पिक्चर नाही तो नाहीच, वर दादाने दोनदा हाकलून लावलेली वस्तू त्याच्या पाठीमागे त्याच्याच घरात गाडली गेली होती, आणि उद्या बावीस माणसं जेवायला येणार होती. तेवढ्यात खाली रिक्षा थांबली.

दादा डोळ्यांत औषध घातलेला, वहिनीचा हात धरून वर आला आणि रिक्षाचा प्रवास करून आलेला माणूस जिथे जातो तिकडेच निघाला. दारात हिरामणने त्याला हात आडवा केला. दादाने डोळे बारीक करून आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हा उद्योग कोणाचा?"

खोटं बोलायला राजेंद्रला जमलं असतं, पण प्रगती शेजारी उभी होती. "माझा, दादा."

दादाने शिवी घातली असती तर राजेंद्रला बरं वाटलं असतं. पण तो गुडघा धरत, एकेक पाऊल टाकत शेजारच्या विठाबाईंकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते सगळं घर विठाबाईंच्याच भरवशावर होतं.

रविवारी वंदना झाली, औक्षण झालं, केक कापला. राजेंद्र दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसला होता. पिक्चर कधी लावणार, असं दर पाच मिनिटांनी कोणीतरी विचारत होतं आणि दर वेळी तो पाण्याचा ग्लास तोंडाला लावत होता. ठीक बारा वाजता दादा उठला, "आलो" म्हणाला आणि आत गेला. कडी लागली.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. पानं वाढून झाली, वरण गार झालं, तरी दार उघडेना. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"भावोजी, तुम्ही जाऊन बघा," यशोधरावहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. "पडले-बिडले नाहीत ना? तुम्हीच बसवलाय तो."

राजेंद्रने दारावर टकटक केली. "दादा? बरा आहेस ना?"

"का? काय झालं?"

"लोक थांबलेत. अर्धा तास झाला."

"थांबू दे," आतून शांत आवाज आला. "दोन वर्षांत पहिल्यांदा मला घाई नाही, राजा. बसलोय आरामात. उगाच हट्ट केला मी इतके दिवस."

राजेंद्रच्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं. पण उरलेलं निम्मं जास्त जड होतं. त्याने दाराला तोंड लावलं. "दादा, पिक्चर मिळाला नाही. कुठेच मिळत नाही रे. हे चुकून आलं. तुला शेवट दाखवायचा राहूनच गेला."

आतून दादाच्या खाकरण्याचा आवाज आला.

"शेवट बघितलाय मी," दादा म्हणाला. "तुला घरी आईकडे टाकलं आणि परत गेलो. रात्रीच्या खेळाला."

"काय? आणि पंचेचाळीस वर्षं मला..."

"तू तोंड असं पाडायचास ना, की मजा यायची."

राग यावा की हसू, हे राजेंद्रला कळेना. त्याच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "मग काय होतं शेवटी? मीही नाही बघितला तो!"

"बस. सांगतो."

राजेंद्रने धुण्याचा पाट ओढला आणि दाराशी बसला. आतून दादाचा आवाज रंगात आला. टापा वाजू लागल्या, धूळ उडाली, मिशीवाल्याची गोळी नायकाच्या खांद्याला चाटून गेली. हॉलमधली माणसं ताटावरून उठून बोळात जमली.

"हिरोच्या बंदुकीतल्या गोळ्या संपल्या," दादा सांगत होता. "आता मेला म्हण. तेवढ्यात पाचवा घोडा चौखूर उधळत येतो. वर कोण? त्याचा धाकटा भाऊ! धाड, धाड! मिशीवाला आडवा. धाकट्यानेच वाचवला त्याला, राजा."

राजेंद्र आ वासून ऐकत होता, आणि त्याला स्वच्छ आठवलं. त्या नायकाचा धाकटा भाऊ मध्यंतराच्या आधीच मेला होता. त्याला माळावर पुरताना दहा वर्षांचा राजेंद्र हमसून रडला होता आणि दादाने आपल्या नव्या शर्टाच्या बाहीने त्याचं नाक पुसलं होतं.

त्याने पाट दाराच्या आणखी जवळ सरकवला. "मग, दादा?" तो म्हणाला. "मग पुढे काय झालं?"